मंद कोण? : एका लॅपटॉपच्या वॉरंटीची गोष्ट



या पानावर एरवी निवृत्तीसाठीची बचत, आयुर्विमा, रक्तातली साखर आणि गुडघेदुखी या विषयांवर जाणकार मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही, हिशेबनीस नाही आणि वकील तर नाहीच नाही. कॅलिफोर्नियातल्या हजारो सॉफ्टवेअर इंजिनिअरांपैकी एक. पण गेल्या वर्षीच्या मंडळाच्या सहलीत मी आमच्या लॅपटॉपची कहाणी सांगितली, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी चौघांनी "आमचंही असंच झालं होतं, आम्ही सोडून दिलं" असे सांगितले. चौघांनी सोडून दिले, म्हणजे चारेक हजार डॉलर सोडून दिले! तेव्हा संपादकांच्या आग्रहावरून ही कहाणी लिहून काढत आहे. तीत सगळ्यात मोठी चूक कंपनीची नसून माझी होती, हे आधीच कबूल करतो.

२०२३ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे २४ नोव्हेंबरला, आम्ही इथल्याच एका दुकानातून पत्नीसाठी लॅपटॉप घेतला. किंमत करासकट साधारण ११५० डॉलर, वॉरंटी एक वर्षाची. ती भारतात फार्मसिस्ट होती. इथे परवाना मिळवण्यासाठी पुन्हा परीक्षा द्यायची, त्याच्या अभ्यासासाठी ही खरेदी. फेब्रुवारीत मी त्यात जास्तीची मेमरी बसवली. मागचे झाकण उघडायचे, पट्टी बदलायची, झाकण लावायचे. दहा मिनिटांचे काम. ते करताना मला आपण फार मोठे काम केल्यासारखे वाटले होते. त्याचे उट्टे पुढे निघाले.

ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "अरे, हा लॅपटॉप फार हळू चालतो."

मी मान वर न करता म्हणालो, "तीस टॅब उघडून ठेवल्यास तर काय होणार?"

सप्टेंबरमध्ये ती पुन्हा म्हणाली. मी दोन-चार प्रोग्रॅम काढून टाकले, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि म्हणालो, "बघ, कसा पळतोय." तो खरोखरच पळत होता. प्रश्न मिटला असे मी ठरवून टाकले. ऑक्टोबरमध्ये एका रात्री ती सराव परीक्षा अर्धवट सोडून उठली. शंभर प्रश्न, दोन तास. रोज शेवटचे आठ-दहा प्रश्न राहून जात होते. ती म्हणाली, "सुरुवातीला ठीक चालतं. मग माझं डोकंच चालत नाही. सहा वर्षं घरी बसून मीच मंद झालेय बहुतेक."

या वाक्याने मात्र मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. "सुरुवातीला ठीक, मग मंद" हे माणसाचे लक्षण असेल, पण ते यंत्राचेही असू शकते, हे ओळखणे हा तर माझा रोजचा धंदा! आणि घरात दोन महिने चाललेली तक्रार मी एकदाही नीट ऐकली नव्हती. ऑफिसात कोणी अशी तक्रार आणली की तिच्यावर "पुन्हा घडवता येत नाही" असा शेरा मारून परत पाठवण्यात आम्ही तरबेज असतो. घरीही मी तोच शेरा मारला होता.

त्या रात्री मी पहिल्यांदा मोजमाप केले. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी असते. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर किती वेगाने चालला आहे ते दिसते. आमच्या प्रोसेसरचा नेहमीचा वेग २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी ठोके. लॅपटॉप चालू केल्यावर आकडा बरोबर होता. वीस मिनिटांनी तो धाडकन ०.३९ वर आला आणि तिथेच चिकटून बसला. २४० कोटी ठोक्यांचे काम ४० कोटींवर! एक पान उलटायला आठ सेकंद लागत होती. पहिल्या वीस मिनिटांत तिचे सतरा-अठरा प्रश्न होत. उरलेल्या ऐंशीएक प्रश्नांना प्रत्येकी आठ सेकंद धरली, तर ६४० सेकंद, म्हणजे जवळजवळ अकरा मिनिटे. शेवटचे नऊ-दहा प्रश्न नेमके तिथे जात होते.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगतो. प्रोसेसर फार तापला किंवा त्याला पुरेशी वीज मिळेना, तर तो जळू नये म्हणून मेनबोर्डवरून त्याला "हळू चाल" असा इशारा मिळतो. ही चांगली सोय आहे. पण इशारा देणारा भागच बिघडला, तर गोष्टीतल्या त्या पोरासारखा तो उगाचच "लांडगा आला रे आला" ओरडत राहतो आणि प्रोसेसर बिचारा दर वेळी घाबरून बसतो. आमचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्याही खाली होते. लांडगा कुठेच नव्हता.

२१ ऑक्टोबर २०२४ ला मी कंपनीला फोन केला. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. पलीकडची मुलगी नम्र होती. तिच्यासमोरच्या कागदावर जे प्रश्न होते ते तिने विचारले, आणि शेवटी निदान केले की दोष सॉफ्टवेअरचा आहे, सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही, विंडोज पुन्हा टाका. तिचे वाक्य ऐकून मी दचकलो. माझेच "तीस टॅब"वाले उत्तर मला इंग्रजीतून परत मिळत होते.

विंडोज पुन्हा टाकली. फरक शून्य. २५ ऑक्टोबरला मी लॅपटॉप अधिकृत दुरुस्ती केंद्रात नेऊन दिला. "फार मंद चालतो" एवढेच सांगितले. ही माझी दुसरी चूक. १४ नोव्हेंबरला तो परत मिळाला. सोबत चिठ्ठी: सर्व चाचण्या उत्तीर्ण, दोष आढळला नाही. घरी आणून चालू केला आणि वीस मिनिटांनी आकडा पुन्हा ०.३९. त्यांची चाचणी बहुधा वीस मिनिटे चाललीच नव्हती. पण त्यांना ते सांगितले कोणी होते? मीच नव्हते.

लगेच कळवायला हवे होते. पण मध्ये मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम, मग थँक्सगिव्हिंग. फोन केला तो २ डिसेंबरला. आता उत्तर मिळाले: वॉरंटी २४ नोव्हेंबरलाच संपली, तुम्हाला आठ दिवस उशीर झाला. मी जुन्या तक्रारीची आठवण दिली. तेव्हा दुसरा बाण आला. दुरुस्ती केंद्राच्या नोंदीत "बाहेरची मेमरी बसवलेली आहे" असे लिहिले होते. तुम्ही लॅपटॉप उघडलात, तेव्हा वॉरंटी तशीही रद्दच. मेनबोर्ड बदलायला ६४० डॉलर पडतील.

फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "जाऊ दे. नवीन घेऊ." आपली मंडळी इथेच हरतात. आपल्याला भांडायचा संकोच वाटतो, परका देश वाटतो आणि वेळ तर कोणाकडेच नसतो. मला मात्र आमच्या डोंबिवलीच्या घरातली ती तार आठवली. आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. महिन्याचे वाणसामान तिथून यायचे, आणि आई प्रत्येक बिल स्वयंपाकघरातल्या तारेला टोचून ठेवायची. मिक्सर बिघडला की ती आवाज चढवत नसे. तारेवरून बिल काढून दुकानदारासमोर ठेवत असे आणि गप्प उभी राहत असे. मिक्सर दुरुस्त होऊन येत असे.

मी कायदा वाचायला बसलो. वाचून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला कायदा केंद्राचा, १९७५ चा, मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. त्याचे सार असे की, ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग वापरला किंवा बाहेर दुरुस्ती केली, एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर त्या बिघाडापुरते नाकारता येते. २०१८ च्या एप्रिलमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने सहा मोठ्या कंपन्यांना याच मुद्द्यावर लेखी ताकीद दिली होती. तेव्हा "हे लेबल काढल्यास वॉरंटी रद्द" असे यंत्रावर छापलेले दिसले, तर लगेच हाय खाऊ नका.

दुसरा कायदा आपल्या राज्याचा, १९७० चा, साँग-बेव्हर्ली कायदा. कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या घरगुती वापराच्या वस्तूंना तो लागू होतो. त्यातली दोन कलमे मला सोन्याची वाटली. एक म्हणजे, वस्तू वॉरंटीखाली दुरुस्तीला दिलेली असते तेवढे दिवस वॉरंटीचे घड्याळ थांबलेले असते. आमचा लॅपटॉप २५ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, म्हणजे २० दिवस त्यांच्याकडे होता. तेवढे दिवस पुढे ढकलले, तर वॉरंटी १४ डिसेंबरपर्यंत जाते. मी फोन केला २ डिसेंबरला. दुसरे कलम त्याहून सरस. दुरुस्तीनंतरही तोच दोष कायम राहिला आणि ग्राहकाने ते ६० दिवसांच्या आत कळवले, तर मूळ तारीख काहीही असो, त्या दोषापुरती वॉरंटी संपली असे मानता येत नाही. आम्ही अठराव्या दिवशी कळवले होते.

म्हणजे कायदा आमच्या बाजूने होता. पण कायदा बाजूने असून भागत नाही, दोषही सिद्ध करावा लागतो. एका शनिवारी मी आणि पत्नी दोघांनी मिळून चार चाचण्या केल्या. नोंदी तिने लिहिल्या. प्रयोगशाळेत काम केलेले माणूस ते. तिच्या नोंदी माझ्यापेक्षा कितीतरी नेटक्या.

पहिली, मी बसवलेली मेमरी काढून मूळची पट्टी घातली. बावीस मिनिटांनी वेग ०.३९. म्हणजे मेमरीचा दोष नाही. दुसरी, मित्राकडून त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॉटचा चार्जर आणला, आणि एकदा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवरही चालवले. वीस मिनिटांनी ०.३९. म्हणजे चार्जरचा दोष नाही. तिसरी, तापमान दर पाच मिनिटांनी लिहिले. ते ५० अंशांच्या वर गेलेच नाही. म्हणजे उष्णतेचा दोष नाही. चौथी सगळ्यात महत्त्वाची. विंडोज बाजूला ठेवून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. विंडोज नाही, टॅब नाहीत, काहीच नाही. एकविसाव्या मिनिटाला वेग पुन्हा ४०० मेगाहर्ट्झ. म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नाही. उरला फक्त मेनबोर्ड. प्रत्येक वेळी घड्याळ आणि आकडा एकत्र दिसतील असे फोटो काढले.

९ डिसेंबरला मी एक पानी पत्र लिहिले आणि ते पोचपावतीसह सर्टिफाइड टपालाने कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवले. त्यात राग नव्हता आणि विशेषणेही नव्हती. तारखांची यादी, तक्रार क्रमांक, चार चाचण्यांचा तक्ता, दोन्ही कायद्यांचा उल्लेख, आणि एक ओळ ठळक अक्षरांत: "लॅपटॉप चालू करून ३० मिनिटे थांबा, मग वेग बघा." शेवटी लिहिले की ३० दिवसांत दुरुस्ती, बदली किंवा परतावा यांपैकी काही न झाल्यास मी स्मॉल क्लेम्स कोर्टात जाईन. ही पोकळ धमकी नव्हती. आपल्या राज्यात व्यक्तीला या कोर्टात १ जानेवारी २०२४ पासून १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. सुनावणीत दोन्ही बाजूंना सहसा वकील उभा करता येत नाही, आणि अर्ज कसा भरायचा हे सांगणारा मोफत सल्लागार प्रत्येक काउंटीत असतो.

२० डिसेंबरला फोन आला. या वेळी पलीकडे कागद वाचणारी मुलगी नव्हती, वरच्या विभागातला एक शांत गृहस्थ होता. त्याने एकच प्रश्न विचारला, "तीस मिनिटे ना?" १० जानेवारी २०२५ ला लॅपटॉप परत आला. चिठ्ठीवर लिहिले होते: मेनबोर्ड बदलला, शुल्क शून्य. माझी मेमरी त्यांनी जशीच्या तशी आत ठेवली होती.

आता माझ्यासारख्या चुका आपण करू नयेत म्हणून काही गोष्टी.

लॅपटॉप मंद झाला म्हणजे तो सदोष आहे असे नव्हे. बहुतेक वेळा कारण साधे असते. डिस्क गच्च भरलेली असते, लॅपटॉप चालू होताच पंधरा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात, नाहीतर पंख्यात धूळ साचलेली असते. आधी ते तपासा. त्यानंतरही मंद असेल, तर "मंद" हा शब्द सोडून द्या आणि आकडा धरा. किती मिनिटांनी, किती वेग, किती तापमान. "मंद" या शब्दावर वाद घालता येतो, ०.३९ वर घालता येत नाही.

तक्रार पहिल्याच आठवड्यात करा आणि लेखी करा. फोन केलाच, तर फोन ठेवल्यावर बोलण्याचा सारांश ई-मेलने पाठवा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दुरुस्तीहून आलेली वस्तू त्याच दिवशी तपासा. माझे अठरा दिवस कायद्याने वाचवले, पण ते केवळ नशीब.

दुरुस्तीला देण्याआधी सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा. बँकेचे व करांचे कागद त्यात असतील, तर ते लॅपटॉपवरून पुसून मगच द्या. दुरुस्तीत डिस्क कोरी होणे ही नेहमीची गोष्ट आहे.

ज्या क्रेडिट कार्डाने खरेदी केली, त्याची सवलतींची पुस्तिका वाचा. काही कार्डे कंपनीची वॉरंटी आपणहून आणखी काही काळ वाढवून देतात. दुकानात गळ्यात मारली जाते ती "वाढीव वॉरंटी" मात्र वेगळा पैसे देऊन घेतलेला करार असतो. ती घेण्याआधी कार्डात काय आहे ते पाहा.

आणि इथून आई-बाबांसाठी लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी. काही कंपन्यांची वॉरंटी फक्त खरेदीच्या देशापुरती असते. विचारून मगच घ्या. लॅपटॉप भारतातच घेतला असेल, तर तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार आता स्वतः राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाला दिल्लीच्या कंपनीसाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

लॅपटॉप आला त्याच रात्री पत्नी सराव परीक्षेला बसली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, पण कान तिकडेच होते. दोन तास व्हायच्या आधीच ती उठून बाहेर आली. मला वाटले, पुन्हा बिघडला.

"काय झालं?"

"शंभर झाले. बारा मिनिटं उरलीत."

मग जरा थांबून म्हणाली, "आणि हो, टॅब बत्तीस उघडे होते."

या घरात आता मी टॅब मोजत नाही. तिने काही बिघडले आहे म्हटले की आधी घड्याळ लावतो आणि वही काढतो. आणि फ्रिजच्या बाजूला एक तार लावली आहे. सगळी बिले आता तिलाच टोचलेली असतात.